पदवी चालू असताना करिअर कसं शोधावं: अभिरुची चाचणीपासून प्रत्यक्ष कामापर्यंत

दहावीला टक्के बघून शाखा ठरते, बारावीला सीईटीचे गुण बघून कॉलेज ठरतं. रोज सकाळी उठून आपण नेमकं कोणतं काम करणार, हे या सगळ्यात कुणी विचारलेलंच नसतं. पदवीच्या दुसऱ्या वर्षात ते जाणवायला लागतं. मग फोनवर 'करिअर टेस्ट' शोधली जाते, पाच मिनिटांत निकाल येतो, त्यात 'तुमच्यात नेतृत्वगुण आहेत' असं काहीतरी असतं, आणि गाडी तिथेच अडते.

हा लेख अशाच मुलामुलींसाठी आहे. विशेषतः तालुक्याच्या कॉलेजांत शिकणाऱ्यांसाठी, ज्यांच्या आसपास समुपदेशक नसतो आणि घरात पदवीपर्यंत पोचलेलं पहिलं माणूस आपणच असतो. चाचणीकडून उत्तराची अपेक्षा ठेवू नका. कोणाकडे जायचं आणि काय विचारायचं, एवढं तिने सांगितलं तरी तिचं काम झालं. म्हणून चाचणीला एक संध्याकाळ द्या आणि पुढच्या पायऱ्यांना एक सेमिस्टर. यातलं जवळजवळ सगळं फुकट होतं.

पायरी १ : चाचणीआधी एक पान लिहून काढा

वहीचं एक पान घ्या आणि गेल्या वर्षा-दोन वर्षांत तुम्ही आपणहून केलेली कामं लिहा. 'मला वाचनाची आवड आहे' असं नको. केलेलं काम लिहा. गणेशोत्सवाचंच घ्या. मंडळात प्रत्येक जण काहीतरी करतो, पण तुम्ही न सांगता कुठे जाऊन उभे राहता? कुणी मंडपाचे बांबू बांधतो. कुणी रोषणाईची माळ का लागत नाही याचा तासभर शोध घेत बसतो. कुणी आरास आणि देखाव्यात बुडालेला असतो. कुणी रक्तदान शिबिरात येणाऱ्यांची विचारपूस करतो. कुणी दुकानादुकानांतून वर्गणी आणि जाहिराती मिळवतो. आणि कुणीतरी पावतीपुस्तकं सांभाळून शेवटी पैशापैशाचा ताळेबंद लावतो.

ही सहा माणसं डोळ्यांसमोर ठेवा, कारण पुढची चाचणी याच सहा प्रकारांवर उभी आहे. जॉन हॉलंड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५९ मध्ये मांडणी केली की कामं आणि माणसं या दोघांचीही सहा गटांत विभागणी करता येते: हातांनी करायची कामं, शोध घेण्याची कामं, कलेची कामं, माणसांना मदत करण्याची कामं, पटवून देण्याची आणि पुढाकाराची कामं, आणि नोंदी-हिशेबाची शिस्तीची कामं. इंग्रजी आद्याक्षरांवरून याला 'रायसेक' म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात हॉलंड सैन्यात भरती झालेल्यांच्या मुलाखती घेऊन त्यांना कामं नेमून देण्याच्या विभागात होते. माणसांच्या आवडी काही ठरावीक साच्यांत बसतात, हे त्यांना तिथे दिसलं होतं.

पायरी २ : एकच चाचणी द्या, पण नीट द्या

मी मुलांना एकाच चाचणीकडे पाठवतो: ओ-नेट इंटरेस्ट प्रोफायलर. ती अमेरिकेच्या कामगार खात्याची आहे आणि 'माय नेक्स्ट मूव्ह' या त्यांच्या संकेतस्थळावर विनामूल्य देता येते. निकालासाठी पैसे मागत नाहीत की नंतर कुणी फोन करून कोर्स विकत नाही. एकूण ६० वाक्यं असतात, प्रत्येकात एक काम दिलेलं असतं, आणि ते करायला आवडेल का हे पाच पर्यायांतून सांगायचं असतं: अजिबात आवडणार नाही इथपासून खूप आवडेल इथपर्यंत.

सूचनांमध्ये लिहिलेलं असतं की त्या कामाला शिक्षण किती लागतं, पैसे किती मिळतात याचा विचार करू नका. आपल्याकडची बहुतेक मुलं नेमकी इथेच चुकतात. 'विटा रचणं किंवा फरशी बसवणं' हे वाक्य आलं की शेतकऱ्याच्या, गवंड्याच्या घरातला मुलगासुद्धा पटकन 'अजिबात नाही' दाबतो. कारण डोक्यात प्रश्न वेगळाच वाजतो: 'एवढं शिकून गवंडीकाम करणार का?' 'स्वयंपाकघरातली कपाटं तयार करणं' याचंही तेच. अमेरिकेत मध्यमवर्गीय माणूस सुट्टीच्या दिवशी हौसेने सुतारकाम करतो. आपल्याकडे ते कारागिराचं काम मानलं जातं आणि त्यामागे जातीचा, प्रतिष्ठेचा मोठा इतिहास आहे. परिणाम असा होतो की मोटरचा पंप स्वतः उघडून दुरुस्त करणाऱ्या पोराचा हातकामाचा आकडा तळाला जातो आणि निकाल त्याला ऑफिसातल्या नोकऱ्या दाखवतो.

यावर उपाय सोपा आहे. अशा वाक्यापाशी थांबा आणि मनात आपल्याकडचं काम ठेवून बघा. गच्चीवरच्या टाकीची जोडणी करायला आवडेल? बंद पडलेला मिक्सर उघडून बघायला? ठिबकचा फिल्टर कुठे तुंबलाय ते शोधायला? उत्तर 'हो' असेल तर 'हो' दाबा. याच्या उलट, 'शेअर आणि रोखे यांची खरेदी-विक्री' किंवा 'नवीन औषध विकसित करणं' अशी वाक्यं भारी वाटतात म्हणून 'खूप आवडेल' दाबू नका. रोज सकाळी हेच करायचंय, असं धरून उत्तर द्या.

चाचणी इंग्रजीत आहे. ब्राउझरचं आपोआप होणारं भाषांतर काही वाक्यांचा अर्थच बिघडवतं. त्यापेक्षा मैत्रिणीसोबत बसा, अडलेला शब्द विचारा, पण उत्तर स्वतःचं स्वतः द्या. मोबाइलवर घाईत, बसमध्ये वगैरे नको.

पायरी ३ : आकडे वाचायचे कसे

निकालात सहा गटांचे सहा आकडे येतात, प्रत्येक ४० पैकी. त्यातले वरचे तीन गट लिहून घ्या. २७ आणि २५ यांत फरक आहे असं समजू नका. ते एकत्रच धरा. २९ आणि ११ यांत मात्र फरक आहे. आता पहिल्या पायरीतलं पान शेजारी ठेवा. पान आणि निकाल जुळले तर पुढे चला. जुळले नाहीत तर आधी पानावर विश्वास ठेवा, कारण ते तुम्ही केलेलं आहे आणि चाचणीतलं तुम्ही कल्पिलेलं आहे.

काहींचे सहाही आकडे जवळजवळ सारखे आणि खालचे येतात. अशी मुलं घाबरतात, 'मला कशातच रस नाही' म्हणतात. माझ्या मते यातल्या बहुतेकांनी फारशी कामं पाहिलेलीच नसतात. घर, कॉलेज, शेत आणि फोन एवढंच जग असेल तर नापसंतीलाही आधार नसतो. तुमचं असं झालं असेल तर पाचव्या पायरीवर जास्त वेळ द्या आणि दोन-तीन महिन्यांनी चाचणी परत द्या.

आकड्यांनंतर संकेतस्थळ विचारतं की तुमची तयारी किती वर्षांची आहे. एक ते पाच असे टप्पे असतात. पदवीवाले साधारण चौथ्यात येतात. तिसराही उघडून बघा. तंत्रज्ञांची, प्रयोगशाळा सहायकांची बरीच चांगली कामं तिथे आहेत.

कशावर पैसे घालवू नका

हे पायऱ्यांच्या बाहेरचं आहे, पण पालकांचे कष्टाचे पैसे यात जातात म्हणून सविस्तर सांगतो.

बोटांचे ठसे घेऊन बुद्धिमत्ता आणि करिअर सांगणारी 'डीएमआयटी' नावाची चाचणी शाळा-कॉलेजांतून विकली जाते. तिला शास्त्रीय आधार नाही. भारतीय मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनेही तशी भूमिका घेतली आहे. अहवाल तीस पानी आणि रंगीत असतो, त्याने काही सिद्ध होत नाही.

असे अहवाल खरे का वाटतात, हे समजून घेण्यासारखं आहे. १९४८ मध्ये बर्ट्राम फोरर या मानसशास्त्रज्ञाने आपल्या वर्गातल्या विद्यार्थ्यांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली आणि प्रत्येकाला 'त्याचा' अहवाल दिला. अहवाल किती अचूक आहे, ते ५ पैकी गुण देऊन सांगा म्हटलं. सरासरी आली ४.२६. मग त्यांनी उघड केलं की सगळ्यांना एकच मजकूर दिला होता, आणि तोही बराचसा ज्योतिषाच्या पुस्तकातून घेतलेला. तेव्हा 'अगदी माझंच वर्णन आहे' असं वाटलं की तेच वर्णन तुमच्या अगदी वेगळ्या स्वभावाच्या मित्राला वाचून दाखवा. त्यालाही आपलंच वाटलं तर तो अहवाल बाजूला ठेवा.

चार अक्षरांत स्वभाव सांगणाऱ्या चाचण्या इन्स्टाग्रामवर फार चालतात. गप्पांना विषय म्हणून ठीक आहेत. पण काही आठवड्यांनी परत दिल्यावर अनेकांची अक्षरं बदलतात. त्यावरून शाखा किंवा नोकरी ठरवू नका.

आणि सभागृहात 'मोफत करिअर मार्गदर्शन' म्हणून चाचणी घेऊन शेवटी एखाद्या खासगी विद्यापीठाचा किंवा परदेशी प्रवेशाचा फॉर्म पुढे सरकवला जातो, तेव्हा तो फॉर्म घरी घेऊन या, तिथे भरू नका.

मग पैसे देऊन चाचणी कधीच करू नये का? अभिक्षमता चाचणी, म्हणजे आकडे, भाषा, आकृत्या यांत तुमची पकड किती ते मोजणारी चाचणी, काही जणांना उपयोगी पडते. तीन वर्षं सायन्स करून आता पूर्ण वेगळ्या वाटेला जायचं आहे आणि झेपेल का कळत नाही, अशांना. पुण्यात १९६२ मध्ये अप्पा पेंडसे यांनी सुरू केलेल्या ज्ञान प्रबोधिनीत या विषयावर अनेक दशकं काम झालं आहे. तिथे चाचणीनंतर समुपदेशकाशी बोलणंही होतं. कुठेही गेलात तरी ते बोलणं आहे का, आणि बोलणाऱ्याचं मानसशास्त्रात रीतसर शिक्षण झालं आहे का, हे आधी विचारा.

पायरी ४ : परदेशी यादी आपल्या मातीत तपासा

चाचणी शेवटी व्यवसायांची यादी देते. ती अमेरिकेतली आहे. काम साधारण सारखं असलं तरी शिक्षण, पगार, परवाना सगळं वेगळं असतं. 'स्पीच थेरपिस्ट' बघा. तिथे त्यासाठी पदव्युत्तर पदवी लागते. आपल्याकडे बारावी सायन्सनंतरचा चार वर्षांचा बीएएसएलपी हा श्रवण आणि वाचा-उपचाराचा पदवी अभ्यासक्रम आहे. मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत तो चालतो, आणि काम करायला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. म्हणजे बी.ए.च्या दुसऱ्या वर्षातल्या मुलीसाठी ही नव्याने सुरुवात आहे. हे तिला आधी कळलं पाहिजे.

म्हणून यादीतले पाच-सहा व्यवसाय निवडा आणि प्रत्येकासाठी एवढंच शोधा: आपल्याकडे याला काय म्हणतात, कोणतं शिक्षण लागतं, कोणती नोंदणी किंवा परीक्षा लागते, आणि आपल्या दोन-तीन जिल्ह्यांत हे काम कुठे चालतं. केंद्रीय कामगार मंत्रालयाचं नॅशनल करिअर सर्व्हिस हे २०१५ पासूनचं संकेतस्थळ आहे. तिथली नोंदणी मोफत आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र असतं, तिथेही चौकशी करा. चॅटजीपीटीला विचारायला हरकत नाही, पण प्रवेशाची अट आणि तारीख मात्र संबंधित संस्थेच्या स्वतःच्या पानावरूनच खात्री करून घ्या.

इथे स्पर्धा परीक्षेबद्दल बोलायलाच हवं. 'मी एमपीएससी करतोय' हे उत्तर ऐकलं की मी विचारतो, कोणतं पद? परीक्षा हा रस्ता आहे, रोजचं काम पदानुसार बदलतं. गट-ब अराजपत्रित सेवेची संयुक्त पूर्व परीक्षा एकच, पण तिच्यातून निघणारी माणसं किती वेगळं जगतात बघा. सहायक कक्ष अधिकारी मंत्रालयात फाइली, टिपण्या आणि नियमांच्या सोबत दिवस काढतो. राज्य कर निरीक्षकाला हिशेब, विवरणपत्रं आणि व्यापारी. दुय्यम निबंधकाकडे दिवसभर दस्तनोंदणी. पोलीस उपनिरीक्षकाला शारीरिक चाचणी, बंदोबस्त, तपास आणि रात्री-अपरात्री येणारी माणसं. ज्याचा हिशेबाचा आकडा ३४ आणि माणसांत मिसळण्याचा ९ आहे, त्याने केवळ वर्दीच्या आकर्षणाने पसंतीक्रमात उपनिरीक्षक पहिला टाकू नये. आणि ज्याला खुर्चीत बसवत नाही, त्याने मंत्रालय पहिलं टाकण्याआधी तिथल्या कुणाशी तरी बोलावं.

पायरी ५ : ते काम करणाऱ्या माणसांना भेटा

एवढी एकच पायरी केलीत आणि बाकी सगळ्या सोडल्यात, तरी फायदा होईल.

माणसं मिळणार कुठून? कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅक या संस्थेला, पदवी घेऊन बाहेर पडलेले विद्यार्थी पुढे कुठे गेले याची माहिती द्यावी लागते, म्हणून बहुतेक कॉलेजांकडे माजी विद्यार्थ्यांच्या नोंदी असतात. विभागप्रमुखांना किंवा माजी विद्यार्थी संघाचं काम बघणाऱ्या सरांना भेटा आणि तुमच्याच विषयातल्या चार-पाच जणांचे नंबर मागा. लिंक्डइनवर कॉलेजचं पान असेल तर तिथल्या माजी विद्यार्थ्यांच्या भागात कोण कुठे काम करतं ते दिसतं. शिवाय मावसभाऊ, वहिनीचा भाऊ, गावातून कंपनीत जाणारे दादा आहेतच.

निरोप छोटा आणि स्पष्ट असावा. उदाहरणार्थ: 'नमस्कार ताई, मी आपल्या कॉलेजात बी.एस्सी. केमिस्ट्रीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तुमचा नंबर विभागातल्या सरांनी दिला. तुम्ही क्यूसीमध्ये (क्वालिटी कंट्रोल, म्हणजे गुणवत्ता तपासणी) काम करता असं कळलं. नोकरीसाठी विचारत नाही, हे काम रोज कसं असतं ते समजून घ्यायचं आहे. तुमच्या सुट्टीच्या दिवशी पंधरा मिनिटं फोनवर बोलता येईल का?' 'नोकरीसाठी विचारत नाही' हे वाक्य गाळू नका. त्यामुळे समोरचं माणूस मोकळं होतं.

आणि विचारायचं काय? 'हे क्षेत्र कसं आहे?' असं विचारलं की 'चांगलं आहे, मेहनत पाहिजे' एवढंच मिळतं. त्याऐवजी 'काल कामावर गेल्यापासून घरी येईपर्यंत काय काय केलंत?' असं विचारा. कुरकुंभ, लोटे किंवा तारापूरच्या एखाद्या औषध कंपनीतल्या क्यूसी केमिस्टला हे विचारलंत तर साधारण असं ऐकायला मिळेल: पाळी असते, कंपनीची बस ठरलेल्या नाक्यावरून सुटते, आल्या आल्या नमुने नोंदवायचे, टायट्रेशन, एचपीएलसी या नमुन्यातले घटक मोजणाऱ्या मशीनवर रन लावायचा, आणि प्रत्येक आकडा त्याच क्षणी रजिस्टरला लिहायचा. आकडा चुकला तर खोडायचा नाही, पांढरी शाई लावायची नाही. एक आडवी रेघ मारायची, बरोबर आकडा शेजारी लिहायचा, सही आणि तारीख टाकायची, कारण ऑडिटला चुकीचा आकडाही वाचता आला पाहिजे. ज्याला प्रयोग आवडतो पण नोंदींचा कंटाळा येतो, त्याला या एका गोष्टीतून कळतं की हे काम शोधाइतकंच शिस्तीचंही आहे. असं कोणत्याही चाचणीत लिहिलेलं नसतं.

आणखी काही प्रश्न उपयोगाचे: कोणत्या दिवशी नोकरी सोडावीशी वाटते? तुमच्यासोबत लागलेले आता कुठे आहेत? लागताना हातात किती पगार येतो? (पॅकेज विचारू नका, हातात येणारा विचारा.) माझ्या जागी असता तर पुढच्या सहा महिन्यांत काय शिकला असता?

एका व्यवसायासाठी किमान दोन माणसांशी बोला. एक खूश असतो, एक वैतागलेला असतो. दोघांचंही खरं असतं. बोलणं झालं की त्याच दिवशी लिहून ठेवा आणि आभाराचा निरोप पाठवा.

पायरी ६ : तुम्हाला काय चालेल, काय नाही

चिठ्ठ्या करा. घराजवळ राहणं, ठरलेला पगार, बदली नको, रात्रपाळी नको, शेतीकडे लक्ष देता येणं, लोकांत मान, स्वतःच्या मनाने काम करता येणं, अशा दहा-बारा. त्या क्रमाने लावा. शेवटच्या चार फाडून टाका. त्या फाडताना जो त्रास होतो, त्यावरून बरंच कळतं.

पायरी ७ : छोटा प्रयोग करून बघा

आता एक किंवा दोन व्यवसाय उरले असतील. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीत फील्ड प्रोजेक्ट आणि ऑन जॉब ट्रेनिंग आलं आहे, त्याला श्रेयांकही आहेत. अनेक मुलं ओळखीच्या दुकानातून सही-शिक्का आणून ते उरकतात, आणि मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण एरवी कंपनी, प्रयोगशाळा, बँक, वृत्तपत्र कचेरी आपल्याला दारात उभं करत नाही. इथे कॉलेजचं पत्र हातात असतं. ज्यांच्याशी पाचव्या पायरीत बोललात, त्यांनाच विचारा की तुमच्याकडे चार आठवडे येता येईल का.

ते जमेपर्यंत 'स्वयं' या केंद्र सरकारच्या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावरचा चार किंवा आठ आठवड्यांचा एखादा अभ्यासक्रम करा. शिकणं मोफत आहे, प्रमाणपत्राच्या परीक्षेला शुल्क असतं. पदवीनंतर लगेच कायमच्या नोकरीत अडकायचं नसेल तर राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी योजनेतून एक वर्षाचं प्रशिक्षण विद्यावेतनासह मिळतं. प्रयोगाच्या काळात रोज संध्याकाळी दोन ओळी लिहा: आज वेळ कधी भुर्रकन गेला आणि कधी घड्याळाकडे बघितलं. महिन्याभराने त्या ओळी आणि पहिलं पान शेजारी ठेवून वाचा.

पायरी ८ : घरच्यांशी बोलताना

'मला हे करायचंय' एवढंच म्हणून बसू नका. एका पानावर मांडा: काम काय, त्याला आणखी किती वर्षं आणि किती फी, सुरुवातीला हातात किती येतात, आणि अमुक तारखेपर्यंत जमलं नाही तर दुसरा मार्ग कोणता. तारीख लिहिलीत की आई-वडिलांची निम्मी काळजी कमी होते, कारण त्यांना भीती असते ती 'बघू, करू' म्हणत वर्षं निघून जाण्याची.

शक्य असेल तर ज्या ताईंशी किंवा दादांशी तुम्ही बोललात, त्यांच्याशी वडिलांचं फोनवर बोलणं करून द्या. तुम्ही शेजारी बसा आणि मध्ये बोलू नका. पी.एफ. कापतात का, मुलींना रात्रपाळी लावतात का, शेवटची बस किती वाजता आहे, खोली मिळते का, असे प्रश्न ते विचारतील. तुमच्या यादीत ते नव्हते; उत्तरं लिहून घ्या.